समाजमंदिर: दुरुस्ती, पाडून नवं, की दुसऱ्या जागी? तीन प्रस्ताव एका मापाने कसे तोलायचे

प्रश्न – ओळंबा

एका छोट्या शहराच्या समाजमंदिराविषयी सल्ला हवा आहे. इमारत ४० वर्षांची, आरसीसी सांगाडा, मधे विटांच्या भिंती. मुख्य सभागृह २० मीटर × १२ मीटर, उंची ६ मीटर. वर सपाट स्लॅब, त्याखाली १२ मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) सहा तुळया, चार-चार मीटरवर. मागच्या अंगाला तळमजला अधिक एक: खाली दोन खोल्या, भांडार, स्वच्छतागृहं आणि वर वाचनालय. एकूण बांधकाम सुमारे ५०० चौ.मी. जोतं रस्त्यापासून ६०० मिमी वर आणि चढायला फक्त पायऱ्या.

दुखणी अशी. छत गळतं. आजवर गळती झाली की जुना थर न काढता वर नवा थर टाकला गेला, त्यामुळे गच्चीवर आता सरासरी १५० मिमी जाडी साठली आहे. तीन तुळयांच्या तळाला सळईच्या रेषेत सरळ तडे आहेत, दोन जागी कव्हर (सळईवरचं काँक्रीट) सुटून सळई उघडी पडली आहे. सभागृहात बोलणं घुमतं, मागच्या रांगांना शब्द लागत नाहीत. वायरिंग मूळचंच आहे. व्हरांड्यावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, ते ॲस्बेस्टॉसचे असावेत.

प्रस्ताव तीन आले आहेत. (अ) आहे त्याच इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण. (ब) एका विकासकाचा: "इमारत धोकादायक आहे" म्हणून पाडून चार मजली इमारत, खालचे दोन मजले दुकानं, दुसऱ्या मजल्यावर "तेवढंच सभागृह" विनामूल्य, वर कार्यालयं. (क) ही मोक्याची जागा विकून शहराच्या कडेला मोठं नवं केंद्र.

अडचण ही की तिघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. (अ)चं अंदाजपत्रक नुसत्या डोळ्यांच्या पाहणीवर आहे, (ब)मधलं क्षेत्रफळ भिंती-जिन्यांसकट आहे आणि (क)मध्ये जागा विकून किती येतील तेवढंच लिहिलंय. सभा घेण्याआधी तिन्ही एका कागदावर आणायचे आहेत. कोणत्या चाचण्या, किती ठिकाणी? तुलना कशी मांडायची? (ब)ला कोणत्या अटी घालायच्या? आणि (अ) ठरलंच तर कामाचा क्रम काय?

प्रतिसाद १ – गुण्या

आधी चाचण्या, कारण त्यांच्याशिवाय (अ)चा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज आणि (ब)वाल्यांचं "इमारत धोकादायक आहे" हेही तितकंच बिनबुडाचं.

तुम्ही वर्णन केलेले तडे सळईला समांतर आहेत, म्हणजे ते भाराचे नसून गंजाचे असण्याची शक्यता जास्त. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. भाराचा तडा बहुधा गाळ्याच्या मध्याला तळातून वर उभा चढतो किंवा आधाराजवळ तिरपा जातो. तसा तिरपा तडा एकाही तुळईत दिसला, तर बाकी सगळं थांबवून आधी टेकू द्या.

गंज कशामुळे सुरू झाला, यावर अख्खा निर्णय फिरतो. कारणं मुख्यतः दोन.

पहिलं कार्बोनेशन. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची क्षारता घालवत आत सरकतो. ती सीमा सळईपाशी पोचली की सळईवरचं संरक्षक आवरण जातं. चाचणी सोपी आहे: ताज्या फोडलेल्या किंवा कापलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारा. गुलाबी होईल तो भाग शाबूत, रंग न बदलणारा भाग कार्बोनेट झालेला. त्याच जागी कव्हरमीटरने कव्हरही मोजा, कारण दोन्ही आकडे एकत्र असल्याशिवाय एकालाही अर्थ नाही. खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ४० वर्षांत २० मिमी आत गेलं असेल आणि कव्हर २५ मिमी असेल, तर सीमा सळईपाशी पोचायला एकूण ६२ वर्षं लागतील, म्हणजे अजून २० हून अधिक वर्षं हातात आहेत. पण कव्हर १५ मिमीच पडलं असेल, तर तिथे गंज कधीच सुरू झालाय. जुन्या कामात कव्हर एकाच तुळईत १० ते ३५ मिमी असं सर्रास बदलतं, म्हणून प्रत्येक तुळईला किमान तीन जागी मोजा: दोन्ही टोकांना आणि मध्याला.

दुसरं क्लोराइड. बांधताना खारट पाणी किंवा वाळू वापरली असेल, किंवा इमारत समुद्राजवळ असेल, तर हे तपासाच. ड्रिलने ०–२०, २०–४० आणि ४०–६० मिमी अशा तीन खोल्यांची पूड वेगवेगळी गोळा करून प्रयोगशाळेत द्या. सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्क्यांच्या वर गेलं की धोका सुरू, असा प्रचलित निकष आहे. तिन्ही खोल्यांत आकडा जवळपास सारखाच आला तर मीठ मूळ मिश्रणातलं. वरच्या थरात जास्त आणि आत कमी आलं तर बाहेरून शिरलेलं.

हा फरक इतका महत्त्वाचा का? कार्बोनेशनचा गंज नीट दुरुस्त होतो आणि वरून संरक्षक लेप दिला की टिकतो. क्लोराइड सगळीकडे असेल, तर तुम्ही खराब तुकडा काढून नवं मॉर्टर भरता आणि दोन-चार वर्षांत त्याच ठिगळाच्या कडेला नवा गंज फुटतो. आधी गंजणारा भाग शेजारच्या सळईला नकळत वाचवत असतो. तो दुरुस्त झाला की शेजारचा गंजायला लागतो. "दुरुस्ती टिकतच नाही" असा अनुभव येतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र मॉर्टरला दिला जातो.

हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युत विभव मोजून गंजाचा अंदाज) सहाही तुळयांवर अर्ध्या मीटरच्या जाळीने घ्या. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर −३५० मिलीव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, −२०० पेक्षा कमी ऋण म्हणजे गंज नसण्याची तेवढीच, मधलं अनिश्चित. गिलाव्यावरून किंवा रंगावरून घेतलेली वाचनं फेकून द्या.

रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावरची उसळी मोजून काँक्रीटची ताकद सांगणारं उपकरण) या एकट्यावर विसंबू नका. कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कठीण होतो आणि हॅमर ताकद वाढवून दाखवतो. सोबत अल्ट्रासॉनिक वेग (ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात) आणि किमान तीन कोअर (कापून काढलेले काँक्रीटचे दंडगोल) हवेतच. कोअर तुळईच्या तळातून कधीही काढू नका. कव्हरमीटरने सळया शोधून, तुळईच्या बाजूने, मध्यउंचीला, आधारापासून दूर काढा आणि भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ च्या खाली नाही, तर काँक्रीट सामान्यतः स्वीकारतात.

उघडी सळई तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियरने मोजा. १२ मिमीची सळई १० मिमी उरली असेल तर "थोडी झिजली" म्हणू नका: क्षेत्रफळ ३० टक्के गेलं. तिथे जादा सळई जोडावीच लागेल.

पाया तपासायला एका कोपऱ्यात खड्डा घेतला तरी पुरे, भिंतींत तिरपे पायरीदार तडे नसतील तर.

प्रतिसाद २ – टेकू

गुण्या यांनी म्हटलं ते बरोबर, फक्त गच्चीवरच्या १५० मिमी थराकडे कुणी पाहिलं नाही. दोन टन दर घनमीटर धरले तर चौरस मीटरला ३०० किलो होतात. माणसांचा वावर असलेल्या गच्चीला वापरभार साधारण १५० किलो धरतात, त्याच्या दुप्पट वजन कायमचं बसलंय. २४० चौ.मी. सभागृहावर ७२ टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरला हा आकडा आधी द्या, कारण थर काढल्यावर तुळया बऱ्याचदा हिशेबात पास होतात आणि तो काढायचा धरलाच नसेल तर मजबुतीकरण उगाच फुगतं.

आणखी एक पर्याय तुमच्या यादीत नाही, तो घाला. त्याला (अ-२) म्हणा. क्लोराइडमुळे स्लॅब आणि तुळया टिकणार नाहीत असं निघालं, पण कॉलम आणि पाया ठीक असतील, तर फक्त छत उतरवा. वर पोलादी ट्रस (त्रिकोणांनी जोडलेले हलके सांगाडे), इन्सुलेटेड पत्रा आणि आतून ध्वनिशोषक सीलिंग. १२० मिमी स्लॅबचे ३०० किलो आणि वरच्या थराचे ३०० किलो जाऊन सगळं मिळून चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास येतं. पायावरचा ताण कमी होतो, आवाजाचा प्रश्न त्याच खर्चात सुटतो.

यात दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. स्लॅब कॉलमांची डोकी एकमेकांना बांधून ठेवत असतो. तो काढला की सहा मीटरचे कॉलम वर मोकळे होतात. म्हणून वरच्या पातळीला आडवी ब्रेसिंग आणि कडेची तुळई लागते, आणि पाडतानाही तात्पुरता आधार लागतो. दुसरं म्हणजे हलकं छत वाऱ्याने उचललं जातं. जड स्लॅबला तो प्रश्नच नव्हता. ट्रसचे अँकर बोल्ट जुन्या काँक्रीटमध्ये किती खोल जातात आणि ओढ चाचणीत किती धरतात, हे डिझाइनमध्ये लेखी मागा.

प्रतिसाद ३ – दोरीपट्टी

तुलनेचं सांगतो. चार पर्याय (अ, अ-२, ब, क) आणि पाचवा "काहीच न करणे" असे पाच रकाने करा. पाचवा रकाना मुद्दाम ठेवायचा: फक्त टेकू देणं, गळती थोपवणं आणि वापर मर्यादित करणं यालाही खर्च असतो आणि बाकीचे पर्याय त्याच्याशी तोलायचे असतात.

पहिली ओळ खर्चाची नाही, गरजेची. पर्याय कोणताही असो, मिळालंच पाहिजे ते लिहा: मध्ये खांब नसलेले २४० चौ.मी., निव्वळ उंची किती, रंगमंचाची खोली, बसणाऱ्यांची संख्या, खुर्च्यांचं भांडार (हे नेहमी राहतं), वाचनालय, आठवड्याचे किती तास सर्वांसाठी खुलं. क्षेत्रफळ सगळीकडे भिंतीच्या आतलं, वापरता येण्याजोगं घ्या. जिने, लॉबी, शाफ्ट धरून काढलेलं क्षेत्रफळ निव्वळ वापराच्या सव्वा ते दीडपट सहज असतं.

वापराची नोंद वर्षाच्या सरासरीने काढू नका. रोज १६ तास धरले तर आठवड्याला ११२ तास होतात. ४० तास वापर म्हणजे ३६ टक्के. ते वाचून "जागा रिकामी असते" असं कोणीतरी म्हणेलच. पण संध्याकाळी ५ ते ९ आणि सुटीच्या दिवशी बुकिंग नाकारावं लागत असेल, तर जागा कमी पडते आहे. तासागणिक तक्ता काढा आणि नाकारलेली बुकिंग वेगळ्या रंगात दाखवा.

मग ३० वर्षांचा खर्च आजच्या मूल्यात. उदाहरणाला नव्या बांधकामाचा खर्च १०० धरतो, व्याजदर महागाई वजा करून ४ टक्के. दुरुस्ती ४०, पंधराव्या वर्षी पुन्हा १५ (आजच्या मूल्यात ८.३), देखभाल दरवर्षी २ (३० वर्षांचा दरवर्षीचा खर्च आजच्या मूल्यात आणणारा गुणक १७.३, म्हणून ३४.६). बेरीज जवळपास ८३. नवं बांधकाम १००, देखभाल दरवर्षी १.२ म्हणजे २०.७, दोन वर्षं पर्यायी जागेचं भाडं ६. बेरीज १२६.७. नव्या इमारतीत ३० वर्षांनंतरही निम्मं आयुष्य उरतं, तेही प्रामाणिकपणे वजा करा: ५० चे आजचे १५.४. उरले १११. दोन्हींत २८ चा फरक आहे, म्हणजे या गृहीतकांवर दुरुस्तीचा आकडा ४० वरून ६८ पर्यंत चढला तरच दोन्ही बरोबरीत येतात.

सभेत हाच शेवटचा आकडा दाखवा, बेरीज नाही. "दुरुस्ती स्वस्त" म्हटलं की वाद होतो. "चाचण्यांनंतर दुरुस्ती ६८ च्या वर गेली तर नव्याचा विचार करू" म्हटलं की प्रश्न चाचण्यांचा होतो. तुमचे खरे आकडे टाकून तो उंबरठा आधीच ठरवा. अंदाजपत्रक हातात आल्यावर ठरवलेला उंबरठा कुणीच मानत नाही.

(ब)मध्ये शहराचा खर्च शून्य दिसेल. तिथे जमिनीची किंमत आणि दुकानांवरचे हक्क खर्चाच्या बाजूला लिहा. (क)मध्ये जमिनीचे येणारे पैसे जमेला येतात, पण जमीन एकदाच विकता येते हेही त्याच ओळीत येऊ द्या.

पाडण्याचा राडारोडाही धरा. आरसीसी इमारतीचं चौरस मीटरला साधारण एक ते दीड टन. ५०० चौ.मी.चे ५०० ते ७५० टन, दहा टनी गाडीच्या ५० ते ७५ फेऱ्या.

प्रतिसाद ४ – गुण्या

(ब)बद्दल एकच कागद मागा: इमारतीचा उभा छेद (इमारत उभी कापल्यावर दिसेल तशी आकृती). आडव्या नकाशात २४० चौ.मी.चं सभागृह "तेवढंच" दिसतं. पण मजल्याची उंची ३.६ मीटर असेल आणि वर कार्यालयांचा मजला असेल, तर १२ मीटर गाळ्याच्या तुळईची खोली ०.८ ते १ मीटर लागते. खाली उरले २.६ ते २.८ मीटर. आजचं घनफळ १,४४० घनमीटर आहे, ते ६५० च्या आसपास येईल. रंगमंचाचं छत, दिवे, पंखे, हवा सगळं यात बसवायचं. नाहीतर सभागृहाच्या मधोमध खांब येतात, कारण खालच्या दुकानांची रचना सहा मीटरच्या जाळीवर असते. सभागृह सर्वात वरच्या मजल्यावर किंवा दुकानांच्या शेजारी तळमजल्यावर असेल तरच ही गोष्ट सुटते.

दुसऱ्या मजल्यावरून २५० जण बाहेर काढायचे असतील तर दर माणशी साधारण ७.५ मिमी जिना-रुंदी हा एक प्रचलित हिशेब आहे, म्हणजे जवळपास १.९ मीटर. ती दोन स्वतंत्र जिन्यांत विभागलेली हवी आणि दोन्हींची दारं एकमेकांपासून दूर हवीत. दुकानांच्या पॅसेजमधून जाणारा जिना यात धरू नये. तिथे माल रचला जातो आणि रात्री शटर पडतं.

प्रतिसाद ५ – मुखत्यार

कराराच्या बाजूने (ब) आणि (क) दोन्हींवर लिहितो.

सगळ्यात आधी जमिनीचे कागद. जमीन दानाची किंवा विशिष्ट सार्वजनिक वापरासाठी दिलेली असेल आणि त्यात अट असेल, तर (ब) आणि (क) बहुधा तिथेच थांबतील. पाच-सहा महिने आराखड्यांवर घालवून मग हे समजण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात मूळ दस्त वाचा.

(ब)च्या अटींमध्ये क्रम महत्त्वाचा. पर्यायी सभागृह सुरू झाल्याशिवाय पाडकाम नाही. सभागृह पूर्ण होऊन ताब्यात आल्याशिवाय दुकानांना वापर परवाना नाही. विकासकाचा नफा दुकानांत असतो, त्यामुळे आधी दुकानं विकली गेली की सभागृह पूर्ण करायला त्याला कारण उरत नाही. अर्धवट सोडलेले प्रकल्प बहुतेक याच टप्प्यावर अडकतात. विनाअट बँक हमी घ्या आणि तिची रक्कम "प्रकल्पाच्या इतके टक्के" अशी न ठरवता, तिसऱ्याकडून सभागृह पूर्ण करून घ्यायला लागणारा खर्च अधिक त्या काळातलं भाडं, अशी ठरवा.

"विनामूल्य सभागृह" म्हणजे नक्की काय, ते विचारा: मालकी की वापराचा हक्क? जमिनीत अविभाज्य हिस्सा मिळतो का? सभागृहाची लिफ्ट, पंप, जनरेटर यांची देखभाल कोणाकडे, आणि तिचा वाटा क्षेत्रफळावर की वापरावर? सभागृह २४० चौ.मी. व्यापतं पण दिवसाचे सहा-सात तास चालतं. क्षेत्रफळावर वाटा लावला तर दुकानांची लिफ्ट समाजमंदिर पोसतं. वीजमीटर आणि प्रवेशद्वार स्वतंत्र. रात्रीचे कार्यक्रम, आवाज आणि सणाच्या दिवशीची वर्दळ यांना वरची कार्यालयं हरकत घेणार नाहीत, हे त्यांच्या विक्रीकरारातच यायला हवं. समाजमंदिराच्या करारात ते लिहून काही उपयोग होत नाही, कारण हरकत घेणारा त्या कराराचा पक्षच नसतो.

(क)साठी नकाशावर आताच्या इमारतीभोवती आणि प्रस्तावित जागेभोवती ८०० मीटरची वर्तुळं काढा. ते साधारण दहा मिनिटांचं चालणं. दोन्हींत किती घरं, शाळा आणि बसथांबे येतात ते मोजा. वाचनालय आणि ज्येष्ठांचे कार्यक्रम पायी येणाऱ्यांवर चालतात. आणि जुनी जागा विकायची ती नवं केंद्र सुरू झाल्यावर, आधी नाही.

ओळंबा

सगळ्यांचे आभार. (अ-२) आणि उंबरठ्याची कल्पना कागदावर घेतली. क्रमाबद्दल विचारायचं राहिलं: इथे काहींचं म्हणणं आहे की पावसाआधी निदान वॉटरप्रूफिंग करून घेऊ, तुळया नंतर. चालेल का?

प्रतिसाद ६ – टेकू

नाही. खालून तुळया-स्लॅब फोडायला लागलात की कंपनांनी वरचं नवं वॉटरप्रूफिंग तडकतं, विशेषतः पॅरापेटच्या वाट्याशी (गच्ची आणि कठडा मिळतात तो गोलवलेला कोपरा) आणि पाइपच्या तोंडाशी. शिवाय जुन्या १५० मिमीवर आणखी एक थर चढेल. पाऊस तोंडावर असेल तर ताडपत्री किंवा तात्पुरती पत्र्याची शेड करा. ती पुढे कामालाही उपयोगी पडते.

क्रम असा ठेवा. तुळयांना टेकू, आणि टेकूंखाली तळमजल्याची जमीन दबणार नाही अशा फळ्या. मग गच्चीवरचे थर काढणं, छोट्या हत्यारांनी आणि पट्ट्यापट्ट्यांनी. काढलेला माल गच्चीवरच एका कोपऱ्यात रचू नका. ७२ टन दोन तुळयांमधल्या एका गाळ्यावर जमले तर जे ४० वर्षांत झालं नाही ते एका दुपारी होईल. वजन उतरल्यावर खालची दुरुस्ती. भार कमी असताना जादा सळया जोडल्या की वापर सुरू झाल्यावर त्या खऱ्या अर्थाने भार उचलतात. काँक्रीट सळईच्या मागे २० ते २५ मिमी मोकळं होईपर्यंत फोडा. कडा पातळ होत जाणारी नको, कटरने १० मिमी खोल चौकोनी काप घ्या. सळई चकचकीत होईपर्यंत सँडब्लास्ट, मग प्रायमर, बाँडकोट (जुनं-नवं सांधणारा लेप) ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर. बाँडकोट सुकला की तो सांधणारा राहत नाही, उलट वेगळं करणारा पापुद्रा होतो. ठिगळं सुटण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच आहे.

सगळं बरं झाल्यावर गच्ची: १०० ला १ ढाळ, पॅरापेटला गोल वाटा, थर वाट्यावरून निदान ३०० मिमी वर चढवलेला, पावसाळी पाइपची तोंडं मोठी. मग पाणी भरून चाचणी. ५० मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, आता ते तुळयांना काहीच नाही. ४८ तास ठेवा आणि खालून खडूने ओलीच्या कडा आखा. त्यानंतर विद्युत, सीलिंग, फरशी, रंग.

व्हरांड्याचे पत्रे कोणत्याही इतर कामाच्या आधी, तपासून, अख्खे उतरवा: ओले करून, बोल्ट कापून, पत्रा न फोडता. त्यांवर करवत, ड्रिल किंवा दाबाच्या पाण्याने धुणं बंद. सगळ्यांनी बारीक कण अडवणारे मास्क लावायचे, आणि पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून अधिकृत विल्हेवाटीच्या जागी.

प्रतिसाद ७ – रंगपट

आवाजाचं पटकन. निनादकाळ (आवाज थांबल्यावर घुमणं विरायला लागणारा वेळ) म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. तुमचं घनफळ १,४४०, आतले पृष्ठभाग ८६४ चौ.मी.; सगळे टणक, शोषण ३ टक्के धरलं तर फक्त २६. रिकाम्या सभागृहाचा निनादकाळ नऊ सेकंदांच्या घरात निघतो. २०० माणसं बसली की दोन सेकंदांपर्यंत उतरतो, तरी बोलणं स्पष्ट ऐकू यायला एकाच्या आसपास हवा. अर्ध्या भरलेल्या सभागृहात १.२ सेकंद हवे असतील तर ८० टक्के शोषणाची साधारण १६० चौ.मी. पॅनेलं लागतील: छताचा दोन तृतीयांश भाग. मागच्या भिंतीलाही थोडी द्या, तिथून परत येणारा आवाज सर्वात जास्त त्रास देतो. पातळ पडदे आणि फोमच्या चकत्यांनी फक्त उंच पट्टीचा आवाज जातो, घुमणं तसंच राहतं, आणि फोम पेटतो. आगीचा दर्जा लेखी नसलेलं काहीही सभागृहात लावू नका. ध्वनिवर्धक वाढवून हा प्रश्न सुटत नाही, जास्त बिघडतो.

रॅम्पचं: ६०० मिमीला १२ ला १ ढाळाने ७.२ मीटर, अधिक वर-खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा. पण १२ ला १ हा चढ कमाल आहे, हाताने चाक ढकलणाऱ्याला तो जड जातो. जागा असेल तर १५ ला १, म्हणजे नऊ मीटर. एका स्वच्छतागृहात १.५ मीटर व्यासाची फिरायला जागा आणि बाहेर उघडणारं दार. आत उघडणारं दार ठेवलं की आत कोणी पडलं तर ते उघडतच नाही.

सभागृहाची दोन दारं कर्णाच्या निम्म्याहून जास्त अंतरावर हवीत. कर्ण २३.३ मीटर आहे, म्हणजे निदान ११.७. दोन्ही बाहेर उघडणारी.

प्रतिसाद ८ – दोरीपट्टी

निविदेबद्दल राहिलेलं. काँक्रीट दुरुस्तीचा दर एकच घेऊ नका. ०–२५, २५–५० आणि ५०–१०० मिमी खोली असे तीन दर घ्या, जादा सळईचा किलोवर वेगळा, टेकूंचा दिवसावर वेगळा. एकच दर दिला की कंत्राटदार तो सर्वात खोल धरून भरतो, किंवा उथळ धरतो आणि मग सळईमागे फोडायला टाळाटाळ करतो. फोडल्यावर प्रमाण वाढतंच, त्यामुळे जुन्या इमारतीला १५ ते २० टक्के राखीव ठेवा आणि ती रक्कम कोणाच्या सहीने उघडते ते आधी लिहा.

दुरुस्तीची मोजणी मॉर्टर भरण्याआधी, दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून करायची: प्रत्येक खड्ड्याला खडूने क्रमांक, लांबी-रुंदी-खोली लिहून फोटोत पट्टी दिसेल असा. भरल्यावर खोली कुणालाच सिद्ध करता येत नाही. दोषदायित्व कालावधीत (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) दोन पूर्ण पावसाळे यायला हवेत; काम पावसाळ्यानंतर लगेच संपलं आणि कालावधी वर्षाचा असेल तर त्यात एकच येतो. अनामतीचा निम्मा भाग दुसऱ्या पावसाळ्यानंतर, गच्चीत पुन्हा ४८ तास पाणी भरून खालच्या खडूच्या जुन्या खुणांशी ताडून मगच सोडा. त्या खुणा दिसत राहाव्यात म्हणून तेवढ्या जागेवर सीलिंगमध्ये उघडता येणारी झाकणं ठेवायला सांगा, प्रत्येक गाळ्यात दोन.